प्राचीन खापरांवरील कोरीव लघुलेखांचे वाचन : काही पद्धतिविषयक प्रश्न

प्रस्तावना

प्राचीन भारताच्या इतिहासलेखनात शिलालेख आणि ताम्रपट यांचे महत्त्व सर्वमान्य आहे. त्यामानाने मातीच्या भांड्यांवर अणकुचीदार वस्तूने ओरखडून लिहिलेल्या दोन-चार अक्षरांच्या लेखांकडे दीर्घकाळ दुय्यम साधन म्हणून पाहिले गेले. गेल्या तीन-चार दशकांत ही स्थिती बदलली आहे. तमिळनाडूतील कोडुमणल, पोरुंदल, कीळडी, केरळातील पट्टणम, श्रीलंकेतील अनुराधपूर व तिस्समहाराम, तसेच तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील इजिप्तची प्राचीन बंदरे येथील उत्खननांतून असे लेख उजेडात आले. ब्राह्मी लिपीचा उगम केव्हा झाला, तमिळ भाषा प्रथम केव्हा लिहिली गेली, दक्षिणेतील खापरचिन्हांचा सिंधू लिपीशी काही संबंध आहे काय, या मोठ्या प्रश्नांच्या चर्चेत आता या खापरांचा दाखला दिला जातो. हाताच्या तळव्यावर मावेल एवढ्या खापराच्या तुकड्यावर किती भार टाकता येईल, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत लेखात मुख्यतः दक्षिण भारतातील तमिळ-ब्राह्मी खापरलेखांच्या आधारे या वाचनाच्या पद्धतीचा विचार केला आहे. लेख जितका लहान, तितका त्याचा अर्थ अक्षरांबाहेरच्या पुराव्यावर अधिक अवलंबून असतो. भांड्याचा प्रकार, ओरखड्याचे स्वरूप, तुटलेल्या कडा, सापडलेला स्तर या गोष्टी दीर्घ लेखाच्या बाबतीत पूरक असतात. लघुलेखात त्याच निर्णायक ठरतात.

भाजण्यापूर्वी की भाजल्यानंतर?

कोणतेही अक्षर वाचण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न असा की, हा ओरखडा भांडे आव्यात जाण्यापूर्वीचा आहे की नंतरचा? ओलसर मातीवर टोकदार काडीने रेघ ओढली असता माती दोन्ही बाजूंना किंचित वर येते, रेघेच्या कडा मऊ व अखंड राहतात आणि भाजल्यावर रेघेचा आतील रंग भांड्याच्या पृष्ठभागासारखाच होतो. भाजलेल्या भांड्यावर खिळ्याने किंवा सुरीने ओरखडले असता वरचा लेप फुटतो, कडांचे बारीक टवके उडतात आणि आतील माती वेगळ्या रंगाची दिसते. वळणदार अक्षर कोरताना हत्यार घसरते, म्हणून गोलाकाराऐवजी लहान सरळ रेघांची साखळी तयार होते.

हा भेद केवळ तांत्रिक नाही. भाजण्यापूर्वीची खूण कुंभाराच्या कामाशी किंवा भांडे करवून घेणाऱ्याशी निगडित असते. भाजल्यानंतरची खूण वापरणाऱ्याची असण्याची शक्यता मोठी असते. दक्षिणेतील बहुसंख्य तमिळ-ब्राह्मी खापरलेख भाजल्यानंतरचे आहेत, ते बहुधा भांड्याच्या खांद्यावर अथवा काठाखाली दिसेल अशा जागी आहेत, आणि त्यांतील मजकूर प्रायः व्यक्तिनामांचा आहे. या तीन गोष्टी एकत्र घेतल्यावरच ही नावे मालकीदर्शक आहेत असे अनुमान बळकट होते. केवळ नाव आहे म्हणून ते मालकाचे, असे म्हणता येत नाही. ते कुंभाराचे, माल पाठविणाराचे किंवा दफनात ज्याच्यासाठी भांडे ठेवले त्याचेही असू शकते.

दुसरी बाब खापराच्या दिशेची. तुटलेल्या तुकड्याची वरची बाजू कोणती हे ठरविल्याशिवाय अक्षर सुलटे की उलटे, हे कळत नाही. येथे भांड्याच्या आतील बाजूवर उमटलेल्या कुंभाराच्या चाकाच्या समांतर रेषा उपयोगी पडतात. त्या आडव्या धरल्या की खापराची उभी दिशा निश्चित होते. खापराची जाडी व वक्रता यांवरून वरची बाजूही बहुधा सांगता येते. अर्थात, लिहिणाऱ्याने भांडे पालथे घालून लिहिले असल्यास ही खात्रीही डळमळते. भांडे हातात फिरवत लिहिता येते, आणि शिलालेख व खापरलेख यांत हाही एक मोठा फरक आहे.

ओरखड्यांचा क्रम किती बोलका असू शकतो याचे अभिजात उदाहरण राजस्थानातील कालीबंगन येथील आहे. तेथील एका खापरावर सिंधू लिपीतील चिन्हे इतकी जवळजवळ कोरली आहेत की एका चिन्हाची रेघ शेजारच्या चिन्हाच्या रेघेला छेदून जाते. कोणती रेघ आधीची व कोणती नंतरची हे छेदनबिंदूंच्या निरीक्षणावरून ठरवून ब्रजबासी लाल यांनी १९६६ मध्ये असे दाखवून दिले की ती चिन्हे उजवीकडून डावीकडे लिहिली गेली होती. त्या लिपीचे एकही अक्षर निर्विवादपणे वाचता येत नसताना लेखनाची दिशा मात्र सिद्ध झाली. लिपी न वाचताही खापर वाचता येते, ते असे.

अक्षर की चिन्ह?

ब्राह्मीची रचना साध्या भौमितिक आकारांची आहे. 'क' म्हणजे अधिकचे चिन्ह, 'ठ' म्हणजे वर्तुळ, 'ट' म्हणजे अर्धवर्तुळ, 'ग' म्हणजे दोन उतरत्या रेघांचे टोक, 'र' म्हणजे एक उभी रेघ. या साधेपणामुळे ती शिकण्यास सोपी झाली असावी. खापर वाचणाऱ्यासाठी मात्र तोच साधेपणा अडचणीचा ठरतो. जगात जेथे जेथे माणसाने मडक्यावर खूण केली तेथे तेथे फुली, वर्तुळ आणि उभी रेघ आढळतेच. एकट्या फुलीला 'क' म्हणावे असा कोणताही आधार त्या फुलीत नसतो.

दक्षिण भारतातील महापाषाणयुगीन दफनांत व समकालीन वसाहतींत सापडणाऱ्या काळ्या-तांबड्या भांड्यांवर अशी चिन्हे विपुल प्रमाणात आहेत. पुरातत्त्वज्ञ त्यांना 'ग्राफिटी' म्हणतात. येथे त्यांना खापरचिन्हे म्हटले आहे. ही चिन्हे ब्राह्मीच्या आगमनाबरोबर नाहीशी होत नाहीत. पट्टणम येथे २०११ मध्ये मिळालेल्या एका खापरावर 'अ-म-ण' ही तीन अक्षरे व त्यांच्यापुढे दोन खापरचिन्हे आहेत. इरावतम महादेवन यांनी या शब्दाचा अर्थ 'श्रमण', म्हणजे जैन, असा लावला. एकाच हाताने एकाच भांड्यावर अक्षरे आणि चिन्हे कोरली असतील, तर त्या काळच्या माणसाच्या लेखी ती दोन परस्परविरोधी साधने नव्हती, एवढे निश्चित म्हणता येते. नाव अक्षरांत आणि कुळ, व्यवसाय वा घराणे चिन्हात, अशी विभागणी असावी असा तर्क आकर्षक आहे, परंतु तो तर्कच आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की, अक्षर म्हणून एखादी खूण स्वीकारताना शेजारच्या खुणांचा आधार हवा. ज्यांचे आकार सहजासहजी योगायोगाने संभवत नाहीत अशी दोन तरी अक्षरे त्याच ओळीत असली, मात्रा जोडलेल्या दिसल्या, आकारमान व खोली सारखी असली, तर तिसरी संदिग्ध खूण अक्षर मानण्यास हरकत नाही. ओळ खापराच्या तुटलेल्या कडेपर्यंत जात असेल तर लेख अपूर्ण समजूनच वाचावा लागतो. अनेक प्रकाशित वाचनांत हे पथ्य पाळलेले दिसत नाही. कडेला तुटलेला शब्द पूर्ण शब्द मानून त्याचा अर्थ कोशात शोधला जातो.

मात्रेचा प्रश्न आणि भाषेचा निर्णय

अक्षरे ओळखली तरी उच्चार ठरतोच असे नाही. अशोकाच्या लेखांत मात्राविरहित व्यंजनात 'अ' अंतर्भूत असतो, तसेच आजच्या देवनागरीतही आहे. तमिळमध्ये शब्दान्ती व शब्दमध्ये स्वरहीन व्यंजने वारंवार येतात आणि जोडाक्षरांची पद्धत तिला सोयीची नाही. त्यामुळे ब्राह्मी तमिळसाठी वापरताना लेखकांना वेगळी व्यवस्था करावी लागली. महादेवन यांनी २००३ मधील आपल्या 'अर्ली तमिळ एपिग्राफी' या ग्रंथात या व्यवस्थेचे तीन टप्पे दाखविले आहेत. पहिल्या टप्प्यात मात्राविरहित अक्षर म्हणजे शुद्ध व्यंजन, आणि आडवी मात्रा ऱ्हस्व 'अ' व दीर्घ 'आ' या दोहोंसाठी. दुसऱ्या टप्प्यात मात्राविरहित अक्षर शुद्ध व्यंजन किंवा अकारयुक्त व्यंजन यांपैकी काहीही, आणि मात्रा केवळ दीर्घ 'आ'साठी. तिसऱ्या टप्प्यात 'पुळ्ळि' म्हणजे बिंदू देऊन शुद्ध व्यंजन दाखविण्याची सोय झाली. आंध्रातील भट्टिप्रोलू येथील अस्थिकरंडकांवरही अंतर्भूत 'अ'चा प्रश्न वेगळ्या मात्रेने सोडविलेला आहे. म्हणजे अशा प्रयोगांची गरज केवळ तमिळ लेखकांनाच भासली नव्हती.

उदाहरणादाखल, 'क', 'ण', 'न' अशी मात्राविरहित तीन अक्षरे खापरावर आहेत असे समजू. अशोककालीन रीतीने ती 'कणन' अशी वाचावी लागतील. दुसऱ्या टप्प्याच्या रीतीने 'कणन्' हे पुल्लिंगी तमिळ नाव संभवते. पहिल्या टप्प्याच्या रीतीने मात्र तीन शुद्ध व्यंजनांची अनुच्चार्य मालिका तयार होते, म्हणून ती रीत तेथे बाद ठरते. लांब लेखात अनेक शब्दांच्या तुलनेने कोणती रीत चालू आहे हे कळते. तीन अक्षरांच्या लेखात वाचक आपल्या पूर्वग्रहानुसार रीत निवडतो आणि मग त्या रीतीनुसार निघालेले नाव पुरावा म्हणून सादर करतो. हे चक्राकार अनुमान टाळणे हेच या क्षेत्रातील सर्वांत अवघड काम आहे.

भाषा ठरविण्यास काही खुणा खात्रीच्या आहेत. ऴ, ळ, ऱ, ऩ या ध्वनींसाठी तमिळ-ब्राह्मीत स्वतंत्र अक्षरे आहेत. त्यांपैकी एखादे दिसले तर तमिळचा निर्णय बळकट होतो. याउलट घोष वा महाप्राण व्यंजने आणि षष्ठीचा '-स' हा प्रत्यय प्राकृताकडे निर्देश करतात. कार्ले, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांतील दानलेखांमुळे हा '-स' महाराष्ट्रातील अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मात्र नावाची भाषा आणि माणसाची भाषा एक असतेच असे नाही. कोडुमणल येथे तमिळ नावांबरोबर प्राकृत मूळ असलेली नावेही तमिळ वळणाने लिहिलेली आढळतात. पुद्दुचेरीजवळील अरिकमेडू येथे तर दोन्ही भाषांतील खापरलेख आहेत. व्यापारी पेठेत हे स्वाभाविकच होय.

एक खापर, दोन अर्थ

तिस्समहाराम येथील खापराने या अडचणी एकाच ठिकाणी आणून ठेवल्या आहेत. श्रीलंकेच्या दक्षिण भागात जर्मन पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननात काळ्या-तांबड्या मातीच्या एका उथळ, सपाट थाळीचा तुकडा मिळाला. उत्खननकर्त्यांनी त्याचा काळ सुमारे इ.स.पू. २०० असा दिला. त्यावर काही अक्षरे व दोन खापरचिन्हे आहेत. महादेवन यांनी २०१० मध्ये 'तिरळि मुऱि' असे वाचन देऊन 'सभेचा लेखी करार' असा अर्थ लावला आणि त्यावरून तेथे संघटित तमिळ व्यापारी समूह होता असा निष्कर्ष काढला. याच अक्षरांचा दुसरा अर्थ थाळीच्या वापराशी, म्हणजे अन्न वाढण्याच्या मापाशी, जोडण्यात आला. एका अर्थाने खापर ही सनद ठरते, दुसऱ्या अर्थाने ती स्वयंपाकघरातील वस्तू राहते. श्रीलंकेच्या दक्षिणेत तमिळ भाषकांचे वास्तव्य किती जुने, हा तेथे केवळ विद्वानांचा प्रश्न नाही, आणि त्यामुळे पाच-सहा अक्षरांच्या अर्थाला विलक्षण वजन प्राप्त झाले.

येथे भांड्याचा साधा विचार करावयास हवा. करार कोरण्यासाठी उथळ थाळी का निवडावी? याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर भांड्याच्या उपयोगाशी जुळणारा अर्थ अधिक संभाव्य मानावा, हे पद्धतीला धरून होईल. तो अर्थ कमी भव्य आहे, इतकेच.

याउलट कुसैर अल-कदीम येथील उदाहरण पाहण्यासारखे आहे. इजिप्तमधील हे ठिकाण म्हणजे रोमनकालीन म्योस होर्मोस बंदर. तेथे १९७८ ते १९८२ या काळात शिकागो विद्यापीठाच्या उत्खननात 'कणन्' व 'चातन्' ही नावे असलेली दोन खापरे मिळाली होती. पुढे साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या उत्खननात (१९९९-२००३) आणखी एक खापर मिळाले, त्यावर 'पानै ओऱि' हे शब्द दोनदा कोरलेले आहेत. 'पानै' म्हणजे मडके, 'ओऱि' म्हणजे दोरीची जाळी, अर्थात आपल्याकडील शिंके. शिंक्यात टांगून ठेवावयाचे मडके, असा अर्थ महादेवन यांनी २००७ मध्ये दिला. हे वाचन सर्वसाधारणपणे ग्राह्य मानले गेले, त्याची कारणे उघड आहेत. शब्द दोनदा आल्याने एका ठिकाणची शंका दुसऱ्या ठिकाणी फिटते; 'ऱ' हे तमिळ अक्षर उपस्थित आहे; आणि शब्दाचा अर्थ ज्या वस्तूवर तो लिहिला आहे तिच्याशी नेमका जुळतो. बेरेनिके या दुसऱ्या बंदरात १९९५ मध्ये रोमन मद्यकुंभाच्या खापरावर मिळालेले तमिळ नावही असेच संदर्भाने भक्कम आहे, कारण त्या कुंभाचा काळ इ.स.च्या पहिल्या शतकातील म्हणून स्वतंत्रपणे ठरविता येतो.

काळाचा प्रश्न

खापरलेखांवरील सर्वांत तीव्र वाद काळासंबंधीचा आहे. अनुराधपूर येथील उत्खननांच्या आधारे कॉनिंगहॅम व ऑलचिन यांच्या गटाने १९९६ मध्ये असे प्रतिपादन केले की ब्राह्मी अक्षरे असलेली तेथील काही खापरे इ.स.पू. चौथ्या शतकातील, म्हणजे अशोकपूर्व स्तरांतील आहेत. त्यानंतर के. राजन यांनी पोरुंदल येथील दफनात मिळालेल्या भाताच्या दाण्यांचे कार्बन-१४ कालमापन करवून घेतले. ते सुमारे इ.स.पू. ४९० असे आले. त्याच दफनात भांडे ठेवण्याची एक वर्तुळाकार बैठक होती आणि तिच्यावर 'वय्र' असे वाचलेली अक्षरे आहेत. कीळडी येथील चौथ्या हंगामाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ३५३ सेंटीमीटर खोलीवरील नमुन्याचा काळ इ.स.पू. ५८० असा दिला असून, त्या हंगामात ५६ तमिळ-ब्राह्मी खापरलेख मिळाल्याची नोंद आहे. जर्मन पुरालेखविद हॅरी फाल्क यांनी २०१४ मध्ये या प्राचीन काळाविषयी कठोर शंका उपस्थित केल्या.

या वादात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली, नमुना आणि लेख यांचा संबंध. कार्बन-१४ दाण्याचा अथवा कोळशाचा काळ सांगते, ओरखड्याचा नव्हे. पोरुंदलप्रमाणे बंद दफनात दोन्ही एकत्र असतील तर संबंध निकटचा असतो. वस्तीच्या थरांत मात्र खड्डे, उंदरांची बिळे, विहिरींचे खोदकाम यांमुळे खापरे वर-खाली होतात. दुसरी, लिपीच्या वळणावरून केलेले कालनिश्चितीचे अनुमान. कठीण वक्र पृष्ठभागावर अक्षरे आपोआप कोनदार होतात; म्हणून शिलालेखांवर आधारलेली अक्षरविकासाची सारणी खापरांना जशीच्या तशी लावणे योग्य नाही.

तिसरी गोष्ट बहुधा चर्चेत येतच नाही. इ.स.पू. ८०० ते ४०० या चार शतकांत वातावरणातील कार्बन-१४ च्या प्रमाणात असा चढउतार झाला की कालमापनाचा दुरुस्ती-आलेख जवळजवळ सपाट आहे. या पट्ट्यातील एकाच नमुन्याचे मोजमाप कितीही अचूक असले तरी दुरुस्तीनंतर मिळणारा काळ दोन-तीन शतकांच्या पल्ल्यात पसरतो. ४९० आणि ५८० हे दोन्ही आकडे नेमके याच पट्ट्यातील आहेत. ते चुकीचे आहेत असे नव्हे. परंतु त्यांना एका वर्षाचा आकडा म्हणून उद्धृत करणे शास्त्राला धरून नाही. एकाच स्तरक्रमातील अनेक नमुने खालून वर या क्रमाने मोजून त्यांचा एकत्रित विचार केल्यास हा पल्ला बराच आकुंचित करता येतो, आणि अशा मालिकाच या वादाचा निकाल लावू शकतील. वृत्तपत्रांत 'तमिळ-ब्राह्मी अशोकाआधी तीन शतके' असे मथळे येतात तेव्हा मूळ अहवालातील पल्ला किती होता हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

सिंधू लिपीशी नाते?

ब्रजबासी लाल यांनी १९६० मध्ये 'एन्शंट इंडिया'मध्ये महापाषाणयुगीन खापरचिन्हांची हडप्पा व ताम्रपाषाणयुगीन चिन्हांशी तुलना केली. महापाषाणयुगीन चिन्हांपैकी ८९ टक्के चिन्हे पूर्वकाळात आढळतात, आणि पूर्वकाळातील ८५ टक्के पुढे चालू राहतात, असे त्यांना दिसले. के. राजन व आर. शिवानंदन यांच्या २०२५ मधील अभ्यासात तमिळनाडूतील १४० स्थळांवरील चौदा हजारांहून अधिक खापरांच्या आधारे ४२ मूळ चिन्हे व त्यांची रूपे निश्चित करण्यात आली, आणि सिंधू चिन्हांशी त्यांचे मोठे साम्य नोंदविले गेले. त्याच वर्षी जानेवारीत तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी सिंधू लिपीच्या उलगड्यासाठी दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले.

चिन्हांची अशी व्यवस्थित सूची होणे ही मोठीच उपलब्धी आहे. परंतु सुट्या चिन्हांचे साम्य हा दुर्बल पुरावा आहे. फुली, शिडी, मासा, बाण हे आकार स्वतंत्रपणे सुचण्याइतके साधे आहेत, आणि संग्रह जितका मोठा तितके जुळणारे आकार अधिक सापडणारच. साम्याला खरे वजन येते ते क्रमामुळे. कोइमतूरजवळील सुलूर येथील दफनातील, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या थाळीवरील चिन्हांची हडप्पा येथील एका मुद्रापट्टिकेशी २००७ मध्ये तुलना करताना महादेवन यांनी नेमका चिन्हांच्या क्रमावर भर दिला होता. अशी उदाहरणे विरळा आहेत. शिवाय उत्तर हडप्पा काळ आणि दक्षिणेतील महापाषाणयुग यांच्यामध्ये भौगोलिक व कालिक अंतर आहे. ते भरून काढणारे दुवे दख्खनमध्ये शोधावे लागतील.

या संदर्भात अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबाद महत्त्वाचे ठरते. एस. ए. साळी यांच्या १९७६ ते १९७९ या काळातील उत्खननात तेथील उत्तर हडप्पा स्तरात सिंधू चिन्हे असलेल्या मातीच्या दोन बटणाकार मुद्रा व चार कोरीव खापरे मिळाली. प्रवरेच्या काठापर्यंत ही चिन्हे आली होती, एवढे त्यांवरून सिद्ध होते. त्यांचे पुढे काय झाले याचे उत्तर जोर्वे संस्कृतीच्या आणि विदर्भातील महापाषाणयुगीन स्थळांच्या खापरांत पाहावे लागेल.

ते पाहण्यासाठी खापरांची नोंद विशिष्ट रीतीने झाली पाहिजे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांतील लहान संग्रहालयांत पृष्ठभागावरून गोळा केलेली खापरे असतात. छायाचित्र स्पष्ट यावे म्हणून ओरखड्यांत खडू भरण्याची जुनी सवय आहे. तीत खडू भरणाऱ्याचे वाचनच छायाचित्रात उमटते आणि टवका, मूळ रेघ व नंतरचा ओरखडा यांतील भेद पुसला जातो. त्याऐवजी एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून, प्रकाशाची दिशा बदलत किमान चार छायाचित्रे घ्यावीत. आतील बाजूचे छायाचित्र चाकाच्या रेषांसह घ्यावे, खापराचा छेद काढावा, तुटलेल्या कडा आराखड्यात दाखवाव्यात, आणि ओरखडा भाजण्यापूर्वीचा की नंतरचा हे नोंदवावे. वाचन त्यानंतर, स्वतंत्र रकान्यात, संदिग्ध अक्षरांवर खूण करून लिहावे, म्हणजे पुढील अभ्यासकाला ते खोडता येईल.